विचारा तर खरं : फिट, ईईजी आणि रात्री नऊचे वेबिनार

मागच्या अंकात मी सहज लिहून गेले होते की फिटच्या आजाराचं (अपस्माराचं) आणि मेंदूच्या मॉनिटरिंगचं, म्हणजे डोक्याला इलेक्ट्रोड लावून मेंदूतल्या विजेच्या लाटा टिपणाऱ्या ईईजीचं, शिक्षण आता ऑनलाइन मिळतं, गावोगावच्या डॉक्टरांनी त्याचा फायदा घ्यावा. त्यावर इतकी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. बरीच डॉक्टरांची आहेत, काही तंत्रज्ञांची, आणि एक पत्र एका आईचं. संपादकांनी पत्रं छाटून अर्ध्यावर आणली. माझ्या उत्तरांना मात्र त्यांनी अजून कात्री लावलेली नाही, तेवढ्यात उरकते.

अकलूजजवळून एक डॉक्टर लिहितात : मी एमबीबीएस, गावात जनरल प्रॅक्टिस. नोंदणी चालू ठेवायला मेडिकल कौन्सिलचे पॉइंट लागतात, त्यासाठी रात्री नऊचे वेबिनार लावतो. खरं सांगायचं तर फोन चार्जिंगला लावून जेवायला बसतो. पण फिटचे पेशंट येतातच, आणि न्यूरोलॉजिस्ट गाठायचा तर सोलापूर नाहीतर पुणे. मनापासून शिकायचं ठरवलं तर सुरुवात कुठून करू? ईईजी वाचायला शिकू का?

ईईजी वाचायला शिकू नका. निदान आत्ताच नको. तुमच्यासमोर बसलेल्या पेशंटचं निदान त्या कागदावर नसतं, त्याला पडताना ज्यानं पाहिलं त्याच्या तोंडी असतं. फिटचा आजार खरोखर असलेल्या माणसाचा पहिला साधा ईईजी निम्म्या वेळा तरी नॉर्मल येतो. उलट ज्याला फिट कधीच आली नाही अशा माणसाच्या ईईजीत टोकदार लाटा दिसून भलतंच निदान होण्याचे प्रकार मी दर महिन्याला बघते. तेव्हा आधी विचारायला शिका.

आता कुठे शिकायचं ते. इंटरनॅशनल लीग अगेन्स्ट एपिलेप्सी ही संस्था १९०९ साली बुडापेस्टमध्ये स्थापन झाली, फिटच्या आजाराच्या व्याख्या आणि वर्गीकरण तीच ठरवते. २०२० पासून तिची ऑनलाइन अकादमी आहे. तिथले धडे केसवर बेतलेले असतात : पेशंटची हकीकत येते, तुम्हाला विचारलं जातं की पुढे काय कराल, तुम्ही उत्तर निवडता, आणि मग ते बरोबर का किंवा चूक का हे कळतं. प्राथमिक पातळीवरच्या डॉक्टरांसाठी वेगळे धडे आहेत. तिथून सुरुवात करा. फी आणि सवलती बदलत राहतात, त्या त्या वेळी बघून घ्या.

कुठलाही कोर्स पारखायची माझी कसोटी एकच आहे : उत्तर सांगण्याआधी तो तुमच्याकडून उत्तर वदवून घेतो का? घेत नसेल तर तो कितीही मोठ्या प्रोफेसरांचा असो, तुम्ही जेवायला बसलात हेच बरं. स्लाइडवर वाचलेली गोष्ट आपल्याला आधीपासून माहीत होती असं वाटतं. स्वतः चुकीचं उत्तर टिचकावलेलं मात्र लक्षात राहतं.

एक उदाहरण देते. सतरा वर्षांची मुलगी, बारावीची परीक्षा, रात्रभर जागरण, सकाळी न्हाणीघरात फिट. तुम्ही काय विचाराल? ताप होता का, डोक्याला मार लागला होता का, घरात कुणाला आहे का, हे सगळे विचारतात. राहून जातो तो प्रश्न असा : सकाळी उठल्यावर पहिल्या अर्ध्या तासात हातातून वस्तू उडतात का? कप, कंगवा, ब्रश. आई लगेच म्हणते, ‘‘अहो, धांदरटच आहे ती, दोन कप फोडले या महिन्यात.’’ झालं निदान. ही जुव्हेनाइल मायोक्लोनिक एपिलेप्सी, म्हणजे किशोरवयात सुरू होणारा, हातांना असे झटके देणारा फिटचा प्रकार. हिला सवयीनं कार्बामॅझेपिन किंवा फेनिटॉइन ही फिटची नेहमीची औषधं लिहिलीत तर हाताचे झटके वाढू शकतात. व्हॅल्प्रोएट हे औषध लागू पडतं, पण पुढे गरोदरपणात त्यानं बाळात व्यंग राहण्याचा धोका इतर औषधांपेक्षा स्पष्टपणे जास्त आहे. केरळात १९९८ पासून फिट असलेल्या गरोदर बायकांची नोंदवही ठेवली जाते, ती याच कारणासाठी. म्हणजे सतरा वर्षांच्या मुलीला गोळी लिहिताना दहा वर्षं पुढचं बघावं लागतं. चांगल्या कोर्समध्ये ही केस तुम्हाला या सगळ्या खड्ड्यांतून चालवत नेते, आणि एकदा पडू देते.

दुसरं म्हणजे कोर्सची तारीख बघा. यूट्यूबवर दहा वर्षांपूर्वीची व्याख्यानं अजून जोरात चालतात. फिटच्या आजाराची व्याख्या २०१४ मध्ये बदलली : चोवीस तासांपेक्षा जास्त अंतरानं विनाकारण आलेल्या दोन फिट हा एक निकष झाला, पण एकच फिट आली आणि पुढच्या दहा वर्षांत पुन्हा येण्याची शक्यता किमान ६० टक्के असेल तरी तो आजार धरतात. फिटच्या प्रकारांचं वर्गीकरण २०१७ मध्ये नवीन आलं आणि २०२५ मध्ये पुन्हा सुधारलं. आता चार मुख्य गट आणि २१ प्रकार आहेत. पाठ करू नका, पण शिकवणारा कुठल्या सालातून बोलतोय हे माहीत असू द्या.

पॉइंटचं म्हणाल तर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलला पाच वर्षांत ३० लागतात. परदेशी प्रमाणपत्राला ते मिळतीलच असं धरून चालू नका, नाव नोंदवण्याआधी कौन्सिलकडे विचारा. पॉइंटसाठी एक आणि शिकण्यासाठी एक असे दोन वेगळे कोर्स करावे लागले तरी वाईट वाटून घेऊ नका, मीही तेच करते.

आणखी एक सुचवते. अमेरिकेत न्यू मेक्सिकोमध्ये डॉ. संजीव अरोरा यांनी २००३ साली प्रोजेक्ट इको सुरू केला. लिव्हरच्या हेपटायटिस सी या आजाराचे पेशंट शहरात यायला महिनोन्‌महिने लागत, म्हणून त्यांनी गावातल्या डॉक्टरांनाच व्हिडिओवर बसवून, त्यांच्याच केस घेऊन शिकवलं. हीच पद्धत पुढे फिटच्या आजारासाठीही वापरली गेली. तुम्हाला त्यासाठी कुणाच्या परवानगीची वाट बघायची गरज नाही. माळशिरस तालुक्यातले चार-पाच डॉक्टर जमवा, ज्या न्यूरोलॉजिस्टकडे पेशंट पाठवता त्यांना पंधरा दिवसांतून एक तास मागा, आणि दर वेळी एकानं आपली एक केस मांडायची. तो न्यूरोलॉजिस्ट नाही म्हणणार नाही. पेशंट कुठून येतात हे त्यालाही ठाऊक असतं.

चिपळूणहून एक आई : मॅडम, माझी मुलगी एकोणीस वर्षांची आहे. नववीत असताना शाळेच्या मैदानावर प्रार्थनेला उभी असताना पडली, हातपाय थोडे झटकले. ईईजी खराब आहे म्हणून गोळ्या सुरू झाल्या, त्या अजून चालू आहेत. आता नवीन डॉक्टरांनी तो जुना ईईजी कॉम्प्युटरवरून पुण्याला दाखवला आणि म्हणाले, ही फिट नसावी, चक्कर असावी. ते म्हणाले की मी सध्या ऑनलाइन कोर्स करतोय, त्यात हेच शिकलो. कोर्स करणाऱ्या डॉक्टरांवर विश्वास ठेवायचा का? सासूबाई म्हणतात, आधीचे डॉक्टर मोठे होते.

ताई, जो डॉक्टर पेशंटच्या आईला सांगतो की मी अजून शिकतोय, त्याला सोडू नका.

पत्रावरून निदान मी करणार नाही. पण उन्हात बराच वेळ उभं राहून चक्कर येऊन पडलेल्या मुलांचे हातपाय काही सेकंद झटकतात, हे खरं आहे. मेंदूला क्षणभर रक्त कमी पडलं की तसं होतं, आणि बघणारे तिला फिटच समजतात. कुणी कांदा फोडून नाकाशी धरतो, कुणी चप्पल, आणि पोरगी शुद्धीवर आली की श्रेय चपलेला. तुम्ही आठवून लिहून काढा : पडण्याआधी डोळ्यांपुढे अंधारी आली होती का, चेहरा पांढराफटक पडला होता का, घाम होता का, किती वेळात ती नीट बोलायला लागली, जीभ बाजूनं चावली गेली होती का. तेव्हा शेजारी उभी असलेली तिची मैत्रीण आता कॉलेजात असेल. तिला फोन करा, तिला तुमच्यापेक्षा जास्त आठवत असेल.

डॉक्टरांना दोन गोष्टी विचारा. एक, साधा ईसीजी, म्हणजे हृदयाचा आलेख, काढला आहे का. वारंवार चक्कर येऊन पडणाऱ्या मुलांत हृदयाच्या ठोक्यांचा दोष कधी कधी निघतो आणि तो चुकवून चालत नाही. दोन, जुन्या ईईजीची पूर्ण फाइल पेनड्राइव्हवर आहे ना, की फक्त छापलेली चार पानं. चार पानांवरून कुणीही ठामपणे काही सांगू नये.

आणि गोळ्या स्वतःहून बंद करू नका. निदान चुकीचं ठरलं तरी औषध हळूहळूच उतरवायचं असतं. सासूबाईंना सांगा, आधीच्या डॉक्टरांचा मोठेपणा यानं कमी होत नाही.

लातूरहून एक ईईजी तंत्रज्ञ : बारावी सायन्स आणि लॅबचा डिप्लोमा केला, ईईजी कामावर बघून शिकलो. सगळे ऑनलाइन कोर्स डॉक्टरांसाठी आणि इंग्लिशमध्ये. आमच्यासारख्यांनी काय करायचं? रिपोर्ट तर डॉक्टरच करतात.

तुमचं पत्र मी सगळ्यात आधी वाचलं. रिपोर्ट आम्ही करतो, पण आम्ही वाचतो ते तुम्ही लिहिलेलं असतं. १९२४ साली जर्मनीत येना इथे हान्स बर्गर यांनी माणसाचा पहिला ईईजी घेतला, तेव्हापासून मशीन कुठल्या कुठे गेलं, पण डोक्याला इलेक्ट्रोड अजून कुणाच्या तरी हातानंच लागतात.

इलेक्ट्रोड लावताना मोजायची टेप घेता का, हे आधी सांगा. बरेच जण अंदाजानं लावतात. डोक्याच्या मापाच्या दहा आणि वीस टक्क्यांवर इलेक्ट्रोड लावायची टेन-ट्वेंटी पद्धत हर्बर्ट जॅस्पर यांनी १९५८ मध्ये मांडली, ती सगळी मापावर उभी आहे. नाकाच्या मुळाशी जो खळगा असतो तिथून डोक्यामागच्या उंचवट्यापर्यंत मोजायचं. समजा ३६ सेंटिमीटर भरले, तर पहिली खूण ३.६ वर, पुढच्या ७.२-७.२ वर. डावा-उजवा इलेक्ट्रोड दीड सेंटिमीटरनं मागेपुढे झाला तर दोन बाजूंच्या लाटा वेगळ्या उंचीच्या दिसतात, आणि कुणीतरी ‘डाव्या बाजूला दोष’ असं लिहून मोकळा होतो. हे माप घ्यायचे व्हिडिओ भरपूर आहेत, भाषा कळली नाही तरी हात कळतात. पण बघून हात बसत नाही. घरातल्या माणसाचं डोकं मोजतानाचा स्वतःचा व्हिडिओ काढा आणि ज्येष्ठ तंत्रज्ञाला दाखवा, तो कुठे चुकतंय ते सांगेल. त्वचा नीट घासून इम्पीडन्स, म्हणजे त्वचा आणि इलेक्ट्रोडमधला विजेचा अडथळा, पाच किलोओहमच्या खाली आणा. अपॉइंटमेंट देतानाच सांगा, डोकं धुऊन या आणि तेल लावू नका. मराठवाड्यात हे दोनदा सांगावं लागतं, मला माहीत आहे.

मग येतं निरीक्षण. एका ठिकाणी आठ महिन्यांच्या बाळाचा ईईजी झाला. मागच्या भागात एकसारख्या ठेक्याच्या लाटा पंधरा-वीस सेकंद येत आणि थांबत. रिपोर्ट झाला, फिट चालू असल्याचा. पुन्हा ईईजी केला तेव्हा तंत्रज्ञ खोलीत थांबली होती. बाळ किरकिरलं की आई त्याला मांडीवर थोपटत होती, आणि प्रत्येक थोपटीला स्क्रीनवर एक लाट उमटत होती. तिनं फक्त ‘आई थोपटते आहे’ एवढं टाइप केलं आणि आईला हात थांबवायला सांगितला. लाटा थांबल्या. पहिल्या रेकॉर्डिंगवर ती एक ओळ नव्हती, एवढाच फरक. चघळणं, उचकी, डोळे उघडले, डोळे मिटले, झोप लागली, नर्स आली, शेजारी फोन वाजला, सगळं टाइप करा. मराठीत केलंत तरी चालेल.

फिल्टरशी खेळू नका. रेकॉर्डिंग ‘स्वच्छ’ दिसावं म्हणून वरचा फिल्टर ७० वरून १५ हर्ट्‌झवर आणला की कपाळाच्या स्नायूंची खरखर गुळगुळीत होते आणि टोकदार लाटांसारखी दिसू लागते. मग आम्ही फसतो. पन्नास हर्ट्‌झची लाइटची खरखर आली तर आधी सैल इलेक्ट्रोड शोधा, फिल्टर नंतर.

इंग्लिशची भीती बाळगू नका. या कामात लागणारे शब्द थोडेच आहेत आणि तेच ते पुन्हा येतात. सबटायटल लावून बघा, वही करा. पुढे जमलं तर बंगळुरूचं निमहान्स आणि तिरुवनंतपुरमची श्री चित्रा संस्था इथले पूर्ण वेळेचे अभ्यासक्रम बघा. घर सोडावं लागेल, पण तिथून आलेला तंत्रज्ञ रेकॉर्डिंगच्या पहिल्या पानावर ओळखू येतो.

जळगावहून एक बालरोगतज्ज्ञ : नवजात अर्भकांच्या अतिदक्षता विभागात एईईजीचं (मोजक्या इलेक्ट्रोडवर तासन्‌तास चालणारा, दाबून पट्ट्यासारखा दिसणारा ईईजी) मशीन घेतलं. कंपनीच्या माणसानं तासभर ऑनलाइन ट्रेनिंग दिलं. पुरेल का?

नाही.

मशीन घेतलंत हे मात्र उत्तम केलंत. आयर्लंडमध्ये कॉर्क इथल्या डॉक्टरांनी २००८ मध्ये दाखवलं की नवजात बाळांच्या ईईजीवर नोंदल्या गेलेल्या फिटपैकी जेमतेम ३४ टक्क्यांना बाहेरून काही दिसत होतं, आणि वॉर्डातल्या लोकांनी ओळखल्या त्या ९ टक्केच. उलट ज्याला ते फिट म्हणाले त्यातलं बरंचसं फिट नव्हतंच. म्हणजे नुसत्या डोळ्यांनी आपण दोन्हीकडून चुकतो.

एईईजीत मात्र ताशी सहा सेंटिमीटर इतक्या दाबून टाकलेल्या पट्ट्यात तीस सेकंदांची फिट सहज बुडून जाते, आणि इलेक्ट्रोडपासून लांबची तर दिसतच नाही. पट्टा वर उचललेला दिसला की खालची मूळ लाट उघडून बघायचीच, हा नियम रात्रपाळीच्या सिस्टरांनाही शिकवा. कंपनीच्या माणसाला बटणं विचारा. लाटा कशा वाचायच्या ते नवजात ईईजी वाचणाऱ्या डॉक्टरांकडून शिका, तेही तुमच्याच बाळांच्या रेकॉर्डिंगवर.

नांदेडहून एक इंटेन्सिव्हिस्ट (अतिदक्षता विभागाचे डॉक्टर) : आमच्याकडे न्यूरोलॉजिस्ट आठवड्यातून दोनदा येतात. आता चोवीस तासांचा ईईजी लावून तो बाहेरगावच्या तज्ज्ञांनी ऑनलाइन वाचायचा असा करार केला आहे. मग आम्ही शिकायची गरज आहे का?

रात्री तीन वाजता तो तज्ज्ञ तुमच्या बेडशेजारी नसतो, म्हणून आहे.

न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया विद्यापीठात ५७० गंभीर पेशंटना सलग ईईजी लावून बघितला होता, निष्कर्ष २००४ मध्ये छापून आले. १९ टक्क्यांत फिट सापडल्या, आणि त्यातल्या ९२ टक्क्यांमध्ये त्या बाहेरून न दिसणाऱ्याच होत्या. पेशंट शांत पडलेला असतो, नातेवाईक विचारतात ‘‘झोपलेत का?’’, आणि आत फिट चालू असते. बहुतेक पहिल्या चोवीस तासांत सापडल्या, पण बेशुद्ध पेशंटमध्ये दर पाचात एकाला त्याहून जास्त वेळ लागला. वीस मिनिटांचा ईईजी करून ‘नॉर्मल’ म्हणणं किती तोकडं आहे ते यावरून बघा.

तुमच्या टीमनं सगळा ईईजी शिकायचा नाही. अमेरिकन क्लिनिकल न्यूरोफिजिओलॉजी सोसायटीनं अतिदक्षता विभागासाठी शब्दावली ठरवली आहे, तिची २०२१ ची आवृत्ती सध्या चालते. लाटा एका बाजूला की दोन्हीकडे, ठराविक अंतरानं की सलग, सेकंदाला किती. शिकायचं साहित्य ऑनलाइन आहे. डॉक्टरांनी ते करावं. सेकंदाला अडीचपेक्षा जास्त टोकदार लाटा दहा सेकंद टिकल्या तर ती फिट धरायची, हा आकडा भिंतीवर लावा. सिस्टरांना एवढंच शिकवा : मघाचपेक्षा चित्र बदललं का? बदललं तर फोन. आणि फिजिओथेरपिस्ट छाती ठोकत असताना, किंवा व्हेंटिलेटरच्या नळीत पाणी साचलं असताना स्क्रीनवर तशाच लाटा उमटतात, म्हणून फोन करायच्या आधी ठोकणं थांबवा, पाणी काढा.

करारात एक ओळ वाढवून घ्या : आठवड्यातून अर्धा तास त्या तज्ज्ञांनी मागच्या आठवड्याची रेकॉर्डिंग तुमच्या लोकांपुढे उघडायची. आधी तुमच्या लोकांनी सांगायचं काय दिसतंय, मग त्यांनी. नुसता ‘रिपोर्ट इन्बॉक्समध्ये’ हा करार दोन वर्षांनीही तुम्हाला आज आहात तिथेच ठेवेल.

व्हॉट्सअॅपवर स्क्रीनचे फोटो पाठवून ‘ओपिनियन प्लीज’ बंद करा. फोटोत मला ना माँटाज (इलेक्ट्रोडच्या जोड्यांची मांडणी) बदलता येतो, ना फिल्टर, ना पुढचं पान उलटता येतं. मी उत्तर देत नाही म्हणून नाराज असलेले बरेच जण हे वाचत असतील, त्यांनी समजून घ्यावं.

बर्मिंगहॅमहून एक डॉक्टर : मी मूळचा साताऱ्याचा, इथे न्यूरोफिजिओलॉजीत, म्हणजे ईईजीसारख्या तपासण्यांच्या विभागात, काम करतो. महाराष्ट्रातल्या डॉक्टरांना ऑनलाइन शिकवावं असं वाटतं. काय शिकवू?

व्याख्यान नको, ती खूप आहेत. नॉर्मल ईईजी शिकवा. पेंगतानाच्या लाटा, लहान मुलांची झोप, कानशिलावरच्या विकेट लाटा, म्हणजे जे सगळं फिट समजून रिपोर्टमध्ये जातं ते. एका बैठकीत दहा तुकडे दाखवा, त्यातले सात नॉर्मल ठेवा, आणि प्रत्येकाकडून आधी उत्तर लिहून घ्या. मराठीत बोला. इंग्लिशमध्ये प्रश्न विचारायला आमचे लोक लाजतात, मराठीत वाद घालतात. तुमची दुपार ती आमची संध्याकाळ, तेव्हा रविवारी आमच्याकडे सहा वाजता ठेवा. नऊला कुणी ऐकत नाही, अकलूजच्या डॉक्टरांनी सांगितलंच आहे. रेकॉर्डिंगवरून नाव आणि तारीख काढा, व्हिडिओ असेल तर पेशंटची लेखी संमती घ्या आणि तुमच्या हॉस्पिटलचे नियम आधी तपासा. पहिल्या बैठकीला मी येईन, लातूरच्या तंत्रज्ञांनाही बोलवा. त्यांचा पत्ता संपादकांकडे आहे, त्यांना विचारून तुम्हाला कळवायला सांगते.